यंत्राचा सूर, माणसाचे मौन : पेट शॉप बॉईजची चार दशके



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्यावर, होळकरशाहीवर, नाट्यसंगीतावर अधिकारी वक्ते बोलून गेले. त्यांच्या पंगतीत ‘पेट शॉप बॉईज’ या इंग्रज गायक-वादक जोडीचे नाव वाचून, निमंत्रणपत्रिका हाती पडताच आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. ज्याने जन्मभर मराठीचे अध्यापन केले, ओवी-अभंगांच्या छंदोरचनेवर प्रबंध लिहिला, त्याने विलायती नाचगाण्यांवर बोलावे हे औचित्याला धरून नाही असेही कोणी म्हणेल. माझे म्हणणे एवढेच की, शब्द आणि सूर यांचा संसार कसा चालतो हाच माझ्या अभ्यासाचा विषय राहिला. तो संसार पाहायला विद्यार्थ्याने कोणत्याही गावी जावे. शिवाय मला आज गाण्यापेक्षा इतिहासावरच अधिक बोलायचे आहे. १९८१ पासूनचा ब्रिटनचा सामाजिक इतिहास, विशेषतः त्या समाजात जे उघड बोलता येत नव्हते त्याचा इतिहास, या दोघांच्या गाण्यांत सापडतो. तो तेथे मुख्यतः न बोललेल्या जागांत सापडतो.

इंदुरातल्या श्रोत्यांपुढे यंत्रसंगीताची बाजू मांडणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. अमीर खाँसाहेबांच्या विलंबितात आणि देवासच्या कुमारजींच्या निर्गुणी भजनांत ज्यांचे कान घडले, त्यांना एकसारखा ठोके देणारा विजेचा ठेका कोरडाच वाटणार. १९८७-८८ च्या सुमारास महाविद्यालयाच्या वसतिगृहाची देखरेख माझ्याकडे होती आणि मुलांच्या खोल्यांतून या जोडीच्या कॅसेटी वाजत. तेथे माझे लक्ष प्रथम वेधले ते उच्चारांनी. एवढ्या गलक्यातूनही प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. गाणारा माणूस ओरडत नव्हता; तो जणू शेजारच्या खुर्चीवर बसून काही सांगत होता.

या प्रकारच्या संगीताची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. सिंथेसायझर या वाद्यात तार नाही, पडदा नाही, भाता नाही. विजेच्या स्पंदनांना हवा तो आकार देऊन त्यातून स्वर काढला जातो. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहरी राल्फ ह्यूटर व फ्लोरियान श्नायडर या दोघांनी १९७० मध्ये ‘क्राफ्टवेर्क’ हा संच सुरू केला आणि यंत्राचे संगीत हेच ज्याचे सौंदर्य आहे असे गाणे घडवले. १९७७ मध्ये म्युनिकमध्ये जॉर्जिओ मोरोडर यांनी डोना समर या गायिकेसाठी जवळजवळ संपूर्णपणे यंत्रावर बांधलेले नाचाचे गीत केले. पुढे ही वाद्ये स्वस्त झाली आणि मध्यमवर्गीय नोकरदाराच्या आवाक्यात आली. ढोलवाला, गिटारवाला, बासवाला अशा चार-पाच जणांच्या ताफ्याचे काम मग दोन माणसे करू लागली : एक गाणारा, एक यंत्रे सांभाळणारा. सॉफ्ट सेल, याझू, युरिद्मिक्स या जोड्या या सोयीतूनच निघाल्या. आपल्याकडेही ही हवा पोहोचली होती. मुंबईचे चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग अशाच यंत्रांवर, नाचाच्या ठेक्यावर वाजवून तबकडी काढली. तिची थोरवी जगाला कळायला पुढची अठ्ठावीस वर्षे जावी लागली. असो.

नील टेनंट यांचा जन्म १० जुलै १९५४ चा, इंग्लंडच्या ईशान्येस न्यूकॅसलजवळच्या नॉर्थ शील्ड्स या गावचा. शिक्षण कॅथलिक शाळेत, आणि त्या शाळेने मनावर उमटवलेला पापपुण्याचा वळ पुढे गाण्यात उतरायचा होता. लंडनला येऊन त्यांनी इतिहासाची पदवी घेतली, ही गोष्ट आजच्या विषयाच्या दृष्टीने मला महत्त्वाची वाटते. पुढे मार्व्हल या अमेरिकन चित्रकथांच्या प्रकाशनगृहाच्या लंडन कचेरीत ते संपादक होते. तेथे अमेरिकन वर्णलेखन सुधारून ब्रिटिश करणे हा त्यांच्या कामाचा भाग होता. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर शुद्धलेखन तपासणे. १९८२ मध्ये ते ‘स्मॅश हिट्स’ या पाक्षिकाच्या संपादकवर्गात आले. हे पाक्षिक गाजत असलेल्या गीतांचे शब्द छापत असे. शब्द तपासण्यात आणि छापण्यात ज्याची उमेदवारी झाली, असा हा गीतकार.

ख्रिस लो यांचा जन्म ४ ऑक्टोबर १९५९ चा, ब्लॅकपूलचा. ब्लॅकपूल म्हणजे समुद्रकाठचे, जत्रेच्या रोषणाईचे, कामगारवर्गाच्या सुट्टीचे गाव. आजोबा विनोदी जाझ मंडळीत ट्रॉम्बोन वाजवत. नातवानेही ट्रॉम्बोन आणि पियानो हाती घेतला. ते लिव्हरपूल विद्यापीठात वास्तुशास्त्र शिकले आणि उमेदवारीच्या काळात त्यांनी मिल्टन कीन्स येथल्या एका इमारतीसाठी जिना आखला. जिना ही इमारतीतली लयबद्ध वस्तू आहे, असा विनोद करण्याचा मोह मला आवरत नाही.

१९ ऑगस्ट १९८१ रोजी लंडनच्या किंग्ज रोडवरील इलेक्ट्रॉनिक सामानाच्या एका दुकानात हे दोघे प्रथम भेटले. टेनंट यांनी कोर्ग कंपनीचा लहानसा सिंथेसायझर घेतला होता आणि त्याला जोडायची वायर करून घ्यायला ते आले होते. बोलणे निघाले, आवडीनिवडी जुळल्या. इलिंग भागातील पाळीव प्राण्यांच्या दुकानात काम करणाऱ्या मित्रांवरून पुढे जोडीचे नावही पडले. गाण्यांवर कर्तेपण नेहमी दोघांचे मिळून लागले. साधारणतः ठेका आणि स्वरसंगती लो यांच्याकडून यावी, शब्द आणि चाल टेनंट यांच्याकडून, अशी वाटणी. आपल्याकडे ‘गीतरामायणा’मुळे गदिमा आणि बाबूजी ही नावे जोडीने घेतली जातात, पण तेथे कवी पडद्याआड आणि गायक पुढे. येथे कवीच गातो आणि संगीतकार डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर टोपी घालून वाद्यामागे पुतळ्यासारखा उभा राहतो. हसत नाही, डोलत नाही. त्या काळच्या रंगमंचावरील उड्यांच्या पार्श्वभूमीवर ही निश्चलता फार उठून दिसली.

१९८१ हे साल इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे. त्याच वर्षी ५ जूनला अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या पत्रिकेत लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापून आली. पुढे एड्स हे नाव मिळालेल्या रोगाची ती पहिली छापील खूण. दुकानातल्या त्या भेटीच्या आधी अडीच महिने. त्याच वर्षी आपल्या रंगभूमीवर विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ आले होते, समलिंगी स्त्रीच्या एकाकी शोकांतिकेचे नाटक. मराठीत हा विषय त्यांनी धीटपणे मांडला आणि आपण त्याकडे, बहुतांशी, न पाहिल्यासारखे केले.

१९८३ च्या ऑगस्टमध्ये, पहिल्या भेटीनंतर बरोबर दोन वर्षांनी, ‘पोलीस’ या संचाविषयी लिहिण्यासाठी पाक्षिकाने टेनंट यांना न्यूयॉर्कला धाडले. तेथे त्यांनी नाचघरांच्या संगीताचे निर्माते बॉबी ऑर्लँडो यांची गाठ घेतली. दोघेही या निर्मात्याचे चाहते. त्याने ध्वनिमुद्रण करून दिले आणि ‘वेस्ट एण्ड गर्ल्स’ १९८४ मध्ये बाहेर पडले. अमेरिकेतल्या नाचघरांत, बेल्जियम-फ्रान्समध्ये ते चालले. मायदेशी फारसे कोणी विचारले नाही. करारातून सुटका करून घेऊन १९८५ मध्ये ते पार्लोफोन या कंपनीकडे गेले आणि टेनंट यांनी नोकरी सोडली. त्या उन्हाळ्यातली पहिली तबकडी पडली. मग स्टीफन हेग या निर्मात्याने ‘वेस्ट एण्ड गर्ल्स’ पुन्हा, जरा संथ लयीत बांधले. आरंभी स्टुडिओबाहेरच्या रस्त्याचे आवाज आणि पावलांची टकटक टिपून घातली. जानेवारी १९८६ मध्ये ते ब्रिटनच्या यादीत पहिले आले, मे महिन्यात अमेरिकेच्या.

या गीताजवळ थोडे थांबले पाहिजे. लंडनचा पश्चिम भाग चैनीचा, पूर्व भाग कष्टकऱ्यांचा. तिकडची मुले आणि इकडच्या मुली रात्रीच्या रस्त्यांवर एकमेकांना भेटतात, एवढाच विषय. पण सांगण्याची पद्धत निराळी आहे. एकच निवेदक नाही. अनेक आवाज, अर्धवट कानी पडलेली वाक्ये, मध्येच लेनिनच्या रेल्वेप्रवासाचा उल्लेख. टेनंट यांनी स्वतः सांगितले आहे की टी. एस. एलियट यांची ‘द वेस्ट लँड’ ही कविता त्यांच्या मनात होती. मर्ढेकर शिकवलेल्या कोणाही मराठी प्राध्यापकाला ही वाट ओळखीची वाटेल : शहराच्या गर्दीतले तुटक उद्गार शेजारी शेजारी ठेवायचे आणि जोड वाचकावर सोपवायची. न्यूयॉर्कच्या झोपडवस्तीचे वर्णन करणारे कृष्णवर्णीयांचे रॅप गीतही त्यांच्यासमोर होते. एका बाजूला एलियट, दुसऱ्या बाजूला रस्त्यावरचे रॅप, आणि मध्ये एका इंग्रज पत्रकाराचा बारीक, किंचित अनुनासिक, बोलल्यासारखा आवाज. लोकप्रिय गाण्यात असे मिश्रण पूर्वी झाल्याचे माझ्या माहितीत नाही.

मार्गारेट थॅचर १९७९ ते १९९० पंतप्रधान होत्या. सरकारी मालकीचे दूरध्वनी १९८४ मध्ये आणि गॅस १९८६ मध्ये भागधारकांना विकला गेला. पैसा मिळवणे हे पराक्रमाचे लक्षण ठरले. या जोडीने त्यावर निषेधगीते लिहिली नाहीत. त्यांनी व्याजस्तुतीचा मार्ग घेतला. ‘ऑपॉर्च्युनिटीज’ या गीतात एक शहाणा आपल्या दांडगट मित्राला भागीदारीत गबर होण्याचे आमंत्रण देतो. गाण्याच्या ओघात कळते की या दोघांच्या हाती काहीही लागणार नाही. ‘शॉपिंग’मध्ये खरेदी चालली आहे ती देशाच्याच मालमत्तेची. ‘रेंट’मध्ये प्रेम आणि घरभाडे यांचा हिशेब असा एकत्र मांडला आहे की बोलणारी व्यक्ती सुखी आहे की विकली गेली आहे हे शेवटपर्यंत ठरत नाही. पुष्कळांनी ही गाणी सरळ अर्थाने घेतली आणि हे दोघे पैशाचे भाट आहेत असा समज करून घेतला. उपरोध वापरणाऱ्याला हा धोका सर्वत्र पत्करावा लागतो.

१९८७ आणि १९८८ ही दोन वर्षे यशाची. टेनंट यांनी पुढे या काळाला आपले साम्राज्यपर्व म्हटले आणि हा शब्दप्रयोग इंग्रजी समीक्षेत रूढच झाला. ब्रिटनच्या यादीत त्यांची चार गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. पहिले आपण पाहिले, उरलेली तिन्ही जून १९८७ ते एप्रिल १९८८ या अवघ्या दहा महिन्यांतली. मला त्या यशापेक्षा त्याचा त्यांनी केलेला एक उपयोग अधिक मोलाचा वाटतो. डस्टी स्प्रिंगफील्ड ही साठीच्या दशकातली थोर इंग्रज गायिका. तोवर ती अमेरिकेत जवळजवळ विस्मृतीत गेली होती. ध्वनिमुद्रिका कंपनीला ती नको होती. या दोघांनी हट्ट धरून तिलाच बोलावले आणि ‘व्हॉट हॅव आय डन टू डिझर्व धिस’ हे १९८७ चे युगलगीत ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. १९८९ मध्ये त्यांनी तिच्यासाठी आणखी एक गीत केले, १९६३ च्या प्रोफ्युमो प्रकरणावरील चित्रपटाकरिता. एका मंत्र्याची गादी घालवणाऱ्या त्या प्रकरणातली माणसे, वृत्तपत्रे, न्यायालय हे सर्व त्या चार-पाच मिनिटांत येते. इतिहासाची पदवी वाया गेली नव्हती.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. इंग्लंडमध्ये पुरुषांमधला समलिंगी संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होता. त्या वर्षी तो एकवीस वर्षांवरील व्यक्तींपुरता, खासगी जागेपुरता माफ झाला. टेनंट तेव्हा तेरा वर्षांचे होते. एड्स आल्यावर वृत्तपत्रांतून जी भाषा सुरू झाली ती आज वाचवत नाही. १९८८ च्या स्थानिक शासन कायद्यात अठ्ठावीसावे कलम आले. नगरपालिकांनी समलिंगी जीवनाला उत्तेजन द्यायचे नाही. शाळांतून असे संबंध हे कौटुंबिक नातेच आहे असे शिकवू द्यायचे नाही. हे कलम इंग्लंडमध्ये २००३ पर्यंत टिकले. शाळेच्या व्यासपीठावरून बोलताना याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. पंधरा वर्षे शिक्षकाला वर्गातल्या एखाद्या गोंधळलेल्या, घाबरलेल्या मुलाशी त्याच्या मनातल्या गोष्टीविषयी बोलण्याची भीती वाटत राहिली.

‘इट्स अ सिन’ हे गीत या कलमाच्या आधीच्या वर्षाचे. वाटेल ते करा, ते पापच ठरते, अशी त्यातल्या माणसाची कैफियत. ती कॅथलिक शाळेतल्या आठवणींतून आलेली आहे, आणि अखेरीस तर चर्चमधल्या पापनिवेदनाची लॅटिन प्रार्थनाच ऐकू येते. पाप कोणते, हे गीत सांगत नाही. चित्रफीत केली डेरेक जार्मन या चित्रपटकाराने. ते उघडपणे समलिंगी होते आणि आपल्याला या रोगाची बाधा झाल्याचेही त्यांनी जाहीर केले होते. पुढे १९८९ चा जोडीचा पहिला मोठा दौराही त्यांनीच रंगमंचावर उभा केला. ५ जून १९८८ रोजी लंडनच्या पिकॅडिली थिएटरात या कलमाच्या निषेधार्थ कार्यक्रम झाला, त्यात पेट शॉप बॉईज गायले. पण स्वतःविषयी टेनंट काही बोलले नाहीत.

या मौनाबद्दल त्यांना दोष दिला गेला, आणि त्या दोषारोपात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. ब्रॉन्स्की बीट या संचाने १९८४ मध्येच सारे उघड बोलून दाखवले होते. युरोपातील देशोदेशी संमतीचे वय काय आहे याची यादीच त्यांनी तबकडीच्या वेष्टनावर छापली. त्यांच्या धैर्यापुढे पेट शॉप बॉईज सावध वाटतात. तरीही मौनाचे दोन प्रकार असतात. एक, ज्यात सांगण्यासारखे काही नसते. दुसरा, ज्यात सारे काही शब्दांच्या मागे दाटलेले असते. आपल्या साहित्यशास्त्रात ध्वनी म्हणतात तो हा दुसरा प्रकार. आनंदवर्धनाला जे काव्याचे जीवित वाटले, त्याची गरज या दोघांना कायद्याने आणि भीतीने शिकवली.

त्याचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे १९९० चे ‘बीइंग बोरिंग’. ‘बिहेव्हियर’ हा संग्रह त्यांनी म्युनिकला हॅरॉल्ड फाल्टरमायर यांच्यासह, मुद्दाम जुन्या धर्तीचे सिंथेसायझर वापरून केला. नवी यंत्रे चकचकीत वाजतात, जुनी जरा डळमळतात. तो डळमळता ऊबदार स्वर त्यांना हवा होता. गीतामागे टेनंट यांच्या शालेय वयापासूनच्या एका मित्राचा एड्सने झालेला मृत्यू आहे. कल्पनेचे बीज मात्र झेल्डा फिट्झजेराल्ड या अमेरिकन लेखिकेच्या १९२२ सालच्या लेखातले. गीताची तीन कडवी म्हणजे तीन काळ. पहिल्यात सापडलेली जुनी छायाचित्रे आणि समारंभांची निमंत्रणे. दुसऱ्यात सत्तरीच्या दशकात पाठीवर पिशवी टाकून गाव सोडणारा तरुण. तिसऱ्यात नव्वदीच्या उंबरठ्यावर, दूरदेशीच्या भाड्याच्या खोल्यांत बसलेला यशस्वी माणूस, आणि जे बरोबर असायला हवे होते पण नाहीत ते. रोगाचे नाव नाही. मृत्यू हा शब्द नाही. आक्रोश तर नाहीच. ठेका संथपणे चालूच राहतो. करुणरसाची इतकी निग्रही मांडणी मी त्या काळच्या इंग्रजी कवितेतही फार पाहिली नाही. यंत्राच्या संगीताला हृदय नसते म्हणणाऱ्यांनी हे गीत ऐकावे. येथे हुंदका देणारे व्हायोलिन असते तर गाणे भावविवश झाले असते. यंत्र रडत नाही, म्हणून ऐकणाऱ्याला रडायला जागा राहते. ते गीत तेव्हा यादीत विसाव्या क्रमांकाच्या वर गेले नाही.

दुसरे उदाहरण निराळ्या जातीचे. १९९२ मध्ये मँचेस्टरला एड्सपीडितांच्या मदतीसाठी जार्मन यांच्या सांगण्यावरून कार्यक्रम करायचा होता. लो यांनी त्यासाठी १९७९ चे ‘गो वेस्ट’ हे ‘व्हिलेज पीपल’चे गाणे सुचवले. मूळ गाण्यातली पश्चिम दिशा म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. समलिंगी तरुणांना मोकळेपणाने राहता येईल असे स्वप्नातले गाव. एकोणऐंशी साली ते आनंदगीत होते. तेरा वर्षांनी, त्या गावाची एक पिढी स्मशानात गेल्यावर, तेच उत्साही शब्द गाणे म्हणजे शोकगीत गाणे झाले. १९९३ मध्ये ते तबकडीवर आले तेव्हा सोव्हिएत संघ कोसळून दोन वर्षे होत आली होती. चित्रफितीत मॉस्कोचा लाल चौक दिसतो, पुरुषांचा वृंद लाल सैन्याच्या गायकांसारखा घुमतो, आणि पश्चिमेकडे चला या हाकेला आणखी एक अर्थ येतो, त्यातल्या भाबडेपणासकट. तोही अर्थ पुरला नाही म्हणून की काय, आर्सेनल या फुटबॉल संघाच्या पाठीराख्यांनी चाल उचलून तिच्यावर आपले शब्द बसवले आणि ती मैदानामैदानावर गेली. आपल्या लोकगीतांत एका चालीवर डोहाळे, भजन आणि सवालजबाब चढतात, तसेच हे. ज्या संग्रहात हे गाणे आहे तो ‘व्हेरी’, त्यांचा ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला एकमेव संग्रह. त्यातल्या एका गीताचे शीर्षक अँथनी ट्रोलप यांच्या कादंबरीचे आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी सांगून ठेवतो. त्या वेळी त्यांनी चढवलेल्या उंच निमुळत्या टोप्या मात्र मला कधी आवडल्या नाहीत.

जार्मन फेब्रुवारी १९९४ मध्ये गेले. त्याच वर्षी ‘ॲटिट्यूड’ या नियतकालिकाच्या मुलाखतीत टेनंट यांनी आपण समलिंगी आहोत हे स्पष्ट सांगून टाकले. सांगण्याची गरज तोवर जवळजवळ उरली नव्हती. ज्यांना ऐकायचे होते त्यांनी ते ऐकले होते.

त्यानंतरच्या दहा वर्षांतली सारीच कामगिरी सारख्या तोलाची नाही. २००१ चे त्यांचे संगीत नाटक फार दिवस चालले नाही. काही संग्रह सवयीने केल्यासारखे वाटतात. पण याझू १९८३ मध्ये आणि सॉफ्ट सेल १९८४ मध्ये फुटल्यावर, युरिद्मिक्स १९९० मध्ये थांबल्यावरही हे दोघे टिकले, आणि दर काही वर्षांनी अनपेक्षित जागी प्रकट होत राहिले. १२ सप्टेंबर २००४ रोजी लंडनच्या ट्रफाल्गार चौकात आयझेन्स्टाइन यांचा १९२५ चा मूकपट ‘बॅटलशिप पोटेमकिन’ मोठ्या पडद्यावर दाखवला गेला आणि ड्रेस्डेनच्या वाद्यवृंदासह या दोघांनी त्याला नवे संगीत दिले. तिकीट नव्हते. ज्या चौकात पिढ्यानपिढ्या मोर्चे आले, तेथे बंडखोर खलाशांची कथा यंत्राच्या ठेक्यावर चालली. २००६ चा ‘फंडामेंटल’ हा संग्रह त्यांनी आदल्या वर्षी इराणमध्ये फाशी दिलेल्या दोन किशोरवयीन मुलांना अर्पण केला.

२३ जुलै २०१४ रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसीच्या प्रॉम्स संगीतमहोत्सवात, त्यांची ‘अ मॅन फ्रॉम द फ्यूचर’ ही रचना वाद्यवृंद, गायकवृंद आणि निवेदक यांच्यासह सादर झाली. विषय ॲलन ट्युरिंग. ज्या गणितज्ञाच्या विचारातून आजचे संगणक निघाले आणि ज्याने महायुद्धात जर्मनांची सांकेतिक लिपी उलगडण्यात मोठा वाटा उचलला, त्याला १९५२ मध्ये समलिंगी संबंधाबद्दल दोषी ठरवले गेले. तुरुंगाऐवजी त्याने संप्रेरकांची औषधे घेणे पत्करले. ७ जून १९५४ रोजी सायनाइडने तो मेला. त्यानंतर महिनाभराने नॉर्थ शील्ड्समध्ये टेनंट जन्मले. विचारी यंत्राचे स्वप्न पाहणाऱ्या माणसाची कथा, यंत्रांवर आयुष्य काढलेल्या दोघांनी सांगावी यात मला इतिहासाचा न्याय दिसतो.

आपला संबंध येथे सरळ येतो. ट्युरिंगला ज्या वृत्तीच्या कायद्याने चिरडले, त्याच वृत्तीचे कलम इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत आपल्यासाठी घालून ठेवले : तीनशे सत्त्याहत्तर. डिसेंबर २०१३ मध्ये एक विलक्षण योग आला. ११ तारखेला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, दिल्ली उच्च न्यायालयाने सैल केलेले ते कलम पुन्हा पूर्ववत केले. २४ तारखेला ब्रिटनच्या राणीने ट्युरिंगला मरणोत्तर माफी दिली. कायदा देणारे तो सोडत होते आणि घेणारे तो जपत होते. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी संपले. मधल्या काळात आपल्याच वर्गांत, आपल्याच वसतिगृहांत किती मुले गप्प बसली असतील, त्याची नोंद कोणत्याही हजेरीपटात नाही.

त्याच २०१८ मध्ये टेनंट यांच्या शंभर गीतांचे पुस्तक लंडनच्या फेबर अँड फेबर या संस्थेने प्रसिद्ध केले. एलियट जेथे दीर्घकाळ संपादक-संचालक होते ती हीच संस्था. २०२१ च्या जानेवारीत ब्रिटिश दूरचित्रवाणीवर रसेल टी. डेव्हिस यांची पाच भागांची मालिका आली. १९८१ मध्ये लंडनला आलेल्या तरुणांची आणि त्यांच्यात शिरलेल्या त्या रोगाची ही कथा. तिचे नाव ‘इट्स अ सिन’. गाण्याने जे नाव घ्यायचे टाळले होते, ते मालिकेने घेतले आणि गाण्याचे नाव स्वतःला लावून घेतले. एप्रिल २०२४ मध्ये या जोडीचा ‘ननदलेस’ हा संग्रह आला. टेनंट तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे, लो चौसष्ट. त्यात ‘न्यू लंडन बॉय’ नावाचे गीत आहे. विषय : सत्तरीच्या दशकाच्या आरंभी ईशान्येकडच्या एका गावाहून लंडनला आलेला, आपण कोण आहोत हे अजून कोणाला न सांगितलेला मुलगा.